मार्गशोध सर्व्हर: वेग हवा, रॅम आहे तेवढीच

८ जुलै २०२४, सोमवार

मागणी एका ओळीत आली: सकाळी सात ते साडेनऊ मार्ग सांगणारा सर्व्हर दम टाकतो, तो सुधारा, नवीन मशीन किंवा वाढीव रॅम यंदाच्या बजेटात नाही. मशीन ८ कोरचं, १६ जीबीचं.

काम कसलं ते लिहून ठेवतो, नंतर वाचणाऱ्याला बरं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या दवाखान्यांतून रक्ता-लघवीचे नमुने उचलून दुचाकीस्वार मध्यवर्ती प्रयोगशाळेत आणतात. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडचे नमुने टेम्पोने येतात. कोणता नमुना कुणी उचलायचा आणि तो कधी पोचेल, याचं उत्तर ओएसआरएम (ओपन सोर्स राउटिंग मशीन, मार्ग शोधणारा मुक्त प्रोग्राम) देतं. आवृत्ती ५.२७.१. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा), जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून उतरवलेला भारताचा पश्चिम विभाग, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव.

मांडणी अशी: डॉकरचे चार कंटेनर (एकाच मशीनवर प्रोग्राम वेगवेगळे ठेवणारे बंदिस्त डबे), पुढे प्रश्न वाटून देणारा एनजिनएक्स. दोन कंटेनर टेम्पोच्या प्रोफाइलचे, दोन दुचाकीच्या. प्रोफाइल म्हणजे त्या वाहनाला कुठला रस्ता चालतो आणि किती वेगाने, याचे नियम. दुचाकीला वेगळं प्रोफाइल लागतंच, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर तिला बंदी आहे. पण एकाच प्रोफाइलच्या दोन कंटेनरनी तोच डेटा रॅममध्ये दोनदा भरलेला आहे. रॅम संपली आहे ती तिथे, प्रश्नांच्या गर्दीमुळे नाही.

९ जुलै

आधी मोजमाप, मग हात लावायचा. जुनी भार-चाचणी नकाशाच्या चौकटीतले कुठलेही दोन बिंदू उचलून मार्ग विचारायची. त्यात भूज ते सावंतवाडी असले प्रश्न येतात. आपल्याकडे कोथरूड ते हडपसर विचारतात. लांबच्या मार्गाचा शोध ग्राफच्या (बिंदू आणि रस्त्यांच्या जाळ्याच्या) वेगळ्याच भागात फिरतो, प्रोसेसरची कॅश (जवळची छोटी जलद मेमरी) वेगळी वागते, आकडे दिशाभूल करतात. ती चाचणी बंद. एनजिनएक्सच्या नोंदींतून कालच्या सकाळचे खरे प्रश्न काढले, त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने पुन्हा मारायची स्क्रिप्ट केली. यापुढे प्रत्येक बदल या एकाच फुटपट्टीने मोजायचा. बघायचा आकडा पी-९५, म्हणजे शंभरातली पंच्याण्णव उत्तरं किती वेळाच्या आत गेली. सरासरी बघत बसायचं नाही, तिच्यात सकाळची रड दिसतच नाही.

११ जुलै

रॅमच्या मागे लागण्याआधी एक भलतीच गोष्ट सापडली. प्रत्येक कंटेनरला दोन सीपीयूची मर्यादा घातलेली आहे. ओएसआरएम-राउटेड (प्रश्नांची उत्तरं देणारा प्रोग्राम) सुरू होताना हार्डवेअरला विचारून थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) किती ते ठरवतं आणि हार्डवेअर सांगतं आठ, कारण कंटेनरचा कोटा त्याला दिसत नाही. म्हणजे चार कंटेनर मिळून बत्तीस थ्रेड, आठ कोरांवर. गर्दी झाली की आठही थ्रेड धावतात, कोटा क्षणात संपतो आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) पुढच्या कालखंडापर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवतो. लिनक्समध्ये कोटा राखणाऱ्या सीग्रुपच्या सीपीयू-स्टॅटमध्ये थांबवल्याचा आकडा सकाळभर चढत होता.

थ्रेडची संख्या हाताने दोन दिली. पी-९५ लगेच खाली आला. रॅमचा एक बाइटही इकडचा तिकडे झाला नाही. गंमत म्हणजे सर्व्हरच्या आलेखात सीपीयू कधीच शंभर टक्के दिसत नव्हता, म्हणून इतके दिवस सगळ्यांचा संशय रॅमवर.

१५ जुलै

आता एकच प्रत. ओएसआरएममध्ये सोय आधीपासून आहे: ओएसआरएम-डेटास्टोअर हा वेगळा प्रोग्राम डेटा लिनक्सच्या सामायिक मेमरीत चढवतो आणि राउटेड प्रक्रिया त्याला नुसत्या जोडल्या जातात. दोन असोत की दहा, डेटा एकदाच. प्रत्येक थ्रेडची शोधाची हीप (पुढे कुठे बघायचं त्याची यादी) तेवढी स्वतःची असते. नकाशाच्या मानाने ती चिल्लर.

कागदावर सोपं, डॉकरमध्ये दुपार गेली. डेटास्टोअर एका कंटेनरमध्ये, राउटेड दुसऱ्यात. आयपीसी नेमस्पेस (सामायिक मेमरी कुणाला दिसावी याची हद्द) दोघांना सामायिक दिली तरी राउटेड म्हणे डेटाच नाही. आयपीसीएस ही सामायिक मेमरी दाखवणारी आज्ञा चालवली तर मेमरीचा तुकडा समोर दिसतोय. मग सोर्स उघडला. मेमरीची किल्ली एफटोक हे फंक्शन वापरून बनते आणि त्यासाठी टेम्प फोल्डरमधली ओएसआरएम.लॉक ही फाइल धरली जाते. एफटोक फाइलचं नाव बघत नाही, तिचा आयनोड (फाइलचा डिस्कवरचा क्रमांक) आणि डिव्हाइस बघतो. दोन कंटेनरांची दोन टेम्प फोल्डरं, दोन आयनोड, दोन किल्ल्या. टेम्पसुद्धा सामायिक व्हॉल्यूमवर टाकलं आणि जोडणी झाली. हे कंटेनरांची मांडणी ठरवणाऱ्या कंपोज फाइलमध्ये टीप म्हणून लिहिलंय. टेम्पची ती ओळ निरुपयोगी वाटेल, कृपया काढू नये.

१६ जुलै

टॉप या आज्ञेत दोन्ही राउटेडपुढे पूर्वीइतकीच मेमरी दिसते, म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचा फोन: "अरे, काहीच वाचलं नाही की." टॉपचा आकडा सामायिक पानं प्रत्येकाच्या नावावर पूर्ण धरतो. प्रॉक फोल्डरमधल्या स्मॅप्स-रोलअपमधला पीएसएस हा आकडा बघायचा, तो वाटणी करून सांगतो. त्या हिशोबाने डेटाची मेमरी निम्म्यावर आली. अपेक्षितच, दोनाची एक प्रत झाली.

१९ जुलै

अल्गोरिदमचा वाद आज तासभर चालला, तो नीट लिहितो.

आपण सीएच (कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीज) वापरतो. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांची १९५९ ची मार्ग शोधायची मूळ पद्धत प्रश्नागणिक सगळीकडे पसरत जाते. सीएच आधीच तयारी करून ठेवतं: ग्राफच्या बिंदूंना महत्त्वाप्रमाणे क्रम लावायचा, कमी महत्त्वाचे एकेक करून आकसून टाकायचे आणि त्यांच्या जागी थेट जोडवाटा घालायच्या. प्रश्न आला की दोन्ही टोकांकडून फक्त वरच्या दिशेला चढत जायचं. २००८ मध्ये जर्मनीतल्या कार्लसरुहे विद्यापीठाच्या गाइसबर्गर, सँडर्स, शुल्टेस आणि डेलिंग यांनी हे मांडलं. ओएसआरएमचा जन्मही त्याच विद्यापीठातला. वेगात याला तोड नाही. पण एका रस्त्याचा वेग बदलला की जोडवाटा पुन्हा घालत बसावं लागतं.

दुसरा पर्याय एमएलडी (मल्टी-लेव्हल डायक्स्ट्रा). २०११ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये डेलिंग, गोल्डबर्ग, पायोर, वर्नेक यांनी मांडलेल्या कल्पनेवर तो उभा आहे. नकाशाचे कप्पे, कप्प्यांचे मोठे कप्पे. प्रत्येक कप्प्याच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत किती वेळ, याचं कोष्टक तयार ठेवायचं. कप्पे एकदाच पाडायचे, ते रस्त्यांच्या जोडणीवर ठरतात. वेग बदलला तर फक्त कोष्टकं नव्याने भरायची. शिवाय कप्पे पाडताना बिंदूंना नवे क्रमांक मिळतात, वेशीवरचे आधी आणि एका कप्प्यातले जवळजवळ, त्यामुळे मेमरीत उड्या कमी पडतात. एकेका प्रश्नाला मात्र सीएचपेक्षा जास्त वेळ, आणि अनेक-ते-अनेक कोष्टकात फरक जास्तच जाणवतो. ओएसआरएमवाले स्वतःच सांगतात: एरवी एमएलडी घ्या, फार मोठी कोष्टकं असतील तर सीएच अजून बरं.

ॲप टीमचं म्हणणं, वेग वाढवायला बसलोय आणि तुम्ही हळू अल्गोरिदम आणताय. मुद्दा खोटा नाही. निर्णय पुढे ढकलला.

२५ जुलै

निर्णय पावसानेच घेतला. रात्रभर कोसळला, खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, सकाळी भिडे पूल पाण्याखाली, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी. सव्वासातला डिस्पॅचच्या (स्वारांना कामं वाटणाऱ्या) काकांचा फोन: "साहेब, तुमचं मशीन पोरांना भिडे पुलावरून जायला सांगतंय. पूल कुठाय आज?"

सीएचमध्ये पूल बंद करायचा तर पुन्हा आकसणी. ती होईपर्यंत सकाळची फेरी संपली असती. शिवाय नवा डेटा चढताना जुना तसाच राहतो, चालू प्रश्न संपेपर्यंत, म्हणजे तेवढा वेळ दुप्पट मेमरी. १६ जीबीत गेल्या आठवड्यापर्यंत ते शक्यच नव्हतं, आता जेमतेम. काकांनी फोनवरून एकेकाला म्हात्रे पुलाकडे वळवलं. डोक्यात नकाशा असलेला माणूस आहे म्हणून निभावलं.

मार्ग पाच मिलिसेकंदांत दिला की पन्नास, पुलावर पाणी असताना दोन्ही सारखेच बिनकामाचे. एमएलडीवर जायचं.

२९ जुलै

एमएलडी चालू, दोन्ही प्रोफाइलांना. बंद रस्त्यांसाठी सीएसव्ही फाइल: कुठल्या नोडपासून (नकाशातल्या बिंदूपासून) कुठल्या नोडपर्यंत आणि वेग. वेग शून्य दिला की तो तुकडा बाद. अख्ख्या रस्त्याचा 'वे' क्रमांक चालत नाही, रस्त्यावरच्या लागोपाठच्या नोडची प्रत्येक जोडी वेगळी लिहायची आणि दुतर्फा रस्ता असेल तर उलटी जोडीही. भिडे पुलाची फाइल तयार करून ठेवली. कस्टमाइज (कोष्टकं नव्याने भरणारा प्रोग्राम) चालवलं, चहा हातात असतानाच संपलं.

मेमरीच्या दृष्टीने खरी कमाई पुढची आहे. डेटास्टोअरला 'ओन्ली-मेट्रिक' म्हणून पर्याय आहे. रस्त्यांची नावं, आकार, कप्पे तसेच ठेवून फक्त वेगावर अवलंबून असलेला भाग बदलायचा. त्यामुळे अदलाबदलीच्या क्षणी संपूर्ण नकाशा दोनदा चढत नाही, तेवढाच तुकडा चढतो. चालू प्रश्नांना धक्का नाही.

पी-९५ मात्र वर गेला, ॲप टीम म्हणाली होती तसाच. पण ११ तारखेला होता त्याहून थोडाच, आठ तारखेच्या जवळपासही नाही.

५ ऑगस्ट

आज प्रश्नच तपासले. इतके दिवस आपण उत्तर देणाऱ्याकडे बघत होतो, विचारणारा काय विचारतोय ते कुणी पाहिलंच नव्हतं.

सकाळच्या वाटपाला अंदाजे २५ स्वार आणि ६० दवाखाने. कोण कुणाच्या जवळ हे काढायला ॲप प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र मार्ग मागतं. २५ गुणिले ६०, दीड हजार प्रश्न. प्रत्येकात वळणावळणाच्या सूचना चालू, रस्त्याची पूर्ण भूमिती चालू, आणि ॲप त्यातून फक्त मिनिटांचा आकडा उचलून बाकी फेकून देतं. सूचना तयार करणं हे फुकटचं काम नाही: कप्प्यांवरून झालेला शोध उलगडून एकेक तुकडा काढावा लागतो, मग नावं, वळणं, लेन, मग सगळ्याचा जेसन, म्हणजे पाठवायचा मजकूर.

याच कामासाठी टेबल सेवा आहे. स्रोत २५, गंतव्यं ६०, एक प्रश्न. आत दीड हजार शोध होत नाहीत. एका बाजूच्या प्रत्येक बिंदूकडून एक शोध करून वाटेतल्या नोडांवर 'इथून मी इतक्या अंतरावर' अशी नोंद ठेवली जाते, दुसऱ्या बाजूचे शोध त्या नोंदी गोळा करत जातात. म्हणजे ८५ शोध. सेवेच्या मूळ मर्यादेतच बसतं, सेटिंगला हात लावावा लागला नाही.

ॲप टीमने दुपारीच बदल केला. ८ जुलैच्या नोंदी आता या चाचणीला चालणार नाहीत, प्रश्नांचा आकारच बदलला. म्हणून संपूर्ण वाटप किती वेळात होतं तेच मोजलं. स्क्रीनवर चक्र फिरायचं ते दिसेनासं झालं. सीएच की एमएलडी हा वाद यापुढे कुणी काढला नाही.

६ ऑगस्ट

उरलेल्या 'कधी पोचेल' प्रश्नांत भूमिती आणि सूचना बंद. हिंट (तोच बिंदू पुढच्या वेळी लगेच सापडावा म्हणून दिलेली खूण) बनवणंही बंद केलं. प्रत्येक थांब्यामागे ती लांबलचक सांकेतिक ओळ जात होती आणि परत कुणी पाठवत नव्हतं. डिस्पॅचच्या पडद्यावर रेघ काढायला भूमिती लागते, तिथे साधी केलेली पुरते.

१३ ऑगस्ट

आता डेटा रोडावण्याकडे. तीन गोष्टी केल्या, किमतीच्या क्रमाने लिहितो.

दुचाकीच्या नकाशात गुजरात कशाला? नमुना घेऊन स्कूटरवर कुणी राजकोटला जात नाही. ऑस्मियम या नकाशा कापायच्या साधनाने पुणे-पिंपरी-चिंचवड आणि भोवतालचा बहुभुज कापला, दुचाकीचा डेटा त्यातूनच बनवला. दुचाकीचा संच इतका लहान झाला की आधीचे दोन संच का सांभाळले याचं आश्चर्य वाटावं. बहुभुज काढताना सीमा रस्त्यांच्या मधोमध जाणार नाही असं बघायचं, नाहीतर कडेच्या गावाला मार्ग लांबून मिळतो, कारण जवळचा रस्ता क्षणभर सीमेबाहेर जातो आणि कापला जातो.

दुसरं, कार प्रोफाइलमध्ये टोल, मोटरवे, फेरी वगळण्याचे पर्याय तयार येतात. एमएलडीत प्रत्येक पर्यायासाठी कप्प्यांची कोष्टकं वेगळी ठेवली जातात. आपण 'टोल टाळा' कधीच विचारत नाही. टेम्पोला फास्टॅग आहे. टेम्पोचं प्रोफाइल कारवरूनच केलेलं, तिथे तिन्ही काढले.

तिसरं, दुचाकीच्या संचात वळणसूचनांचा डेटा चढवायचाच नाही. स्वार फोनवरचं नेहमीचं नकाशा ॲप वापरतात, आपल्या सूचना कुणी ऐकत नाही. डेटास्टोअरला तसं सांगता येतं. नंतर चुकून कुणी सूचना मागितल्या तर सर्व्हर सरळ त्रुटी देतो, हे ॲप टीमला कळवलं.

डेटाफाइल मेमरी-मॅप करून चालवण्याचाही पर्याय होता, सर्व्हर सांभाळणाऱ्याला तो आवडतो. मला सकाळी सातच्या सर्व्हरला नको. पानं मागणीनुसार डिस्कवरून येतात आणि रात्री बॅकअपने पेज कॅश (डिस्कवरच्या फाइलींची रॅममधली प्रत) धुऊन नेला की पहिल्या स्वाराच्या प्रश्नाला डिस्कची वाट बघावी लागते. महिन्यातून एकदा चालणाऱ्या अहवालांना चालेल.

२२ ऑगस्ट

उत्तरं एनजिनएक्समध्ये साठवून ठेवावीत, असा प्रस्ताव आला. प्रयोगशाळा आणि दवाखाने स्थिर आहेत, त्यांच्यातली उत्तरं डिस्कवर साठवायला हरकत नाही. पण स्वाराचा जीपीएस दर सेकंदाला शेवटचे अंक बदलतो, मग साठवलेलं कधी लागणारच नाही. यावर उपाय सुचवला गेला की दशांश चारच ठेवा, सुमारे ११ मीटरचा फरक, काय बिघडतं? कात्रज-देहू रोड बायपासवर बिघडतं. महामार्ग आणि सेवा रस्ता शेजारी शेजारी आहेत. ११ मीटर सरकला की स्वार महामार्गावर चिकटतो आणि पुढच्या फाट्यापर्यंत त्याला परतायला वाट नाही. मिनिटांचा आकडा भलताच येतो, नमुना दुसऱ्यालाच जातो. स्वाराचे अंक कापायचे नाहीत. स्थिर जोड्या साठवायच्या आणि रस्ता बंद केला की साठा रिकामा करायचा.

याच नादात एनजिनएक्सपासून राउटेडपर्यंतची जोडणी उघडी ठेवून बघितली. या आवृत्तीचा राउटेड प्रत्येक उत्तरानंतर जोडणी तोडतो, फायदा शून्य.

३ सप्टेंबर

गणपती शनिवारी, विसर्जन १७ ला. विसर्जनाची फाइल तयार करतोय: लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता आणि त्यांना येऊन मिळणाऱ्या गल्ल्यांची तोंडं. पोलिसांचं पत्रक आलं की ताडून बघायचं.

प्रश्न होता, लक्ष्मी रस्त्यावरच्या दवाखान्यांचं काय? बंद तुकड्याला बिंदू चिकटत नाही, जवळच्या चालू रस्त्याला चिकटतो. म्हणजे मार्ग गल्लीच्या तोंडापर्यंत मिळतो, पुढे स्वार चालत. मिरवणुकीच्या दिवशी तो तसाही चालतच जातो.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

सकाळी विसर्जन फाइल चढवली. ओन्ली-मेट्रिक, मेमरीचा आलेख किंचित उचकला आणि परत खाली. दुपारी काकांनी आणखी दोन चौक सांगितले, त्यांनी नोड क्रमांक मागितले नाहीत, मीही समजावले नाहीत. "शनिपाराकडून बंद, बाजीराव रस्त्याकडून चालू" एवढ्यावर फाइल केली. संध्याकाळपर्यंत फाइल तीनदा बदलली. मिरवणूक उद्या सकाळपर्यंत चालेल, फाइल तशीच राहू देतोय.

२० सप्टेंबर

फाइल उतरवली. नव्या मशीनची मागणी अधिकृतपणे मागे घेतली, तेवढ्यासाठी एक मेल. मोकळी झालेली रॅम तशीच मोकळी ठेवायची. कुणीतरी त्यात आणखी एक डेटाबेस बसवायचं सुचवलंय, त्याला नाही म्हटलंय. पावसाळ्यात पूर्ण नकाशा बदलायची वेळ आली तर अदलाबदलीला तीच जागा लागेल.

बाकी काम: खेड शिवापूरला नवं संकलन केंद्र निघतंय, दुचाकीचा बहुभुज दक्षिणेला वाढवायचा, कात्रजच्या जुन्या बोगद्याचा घाट आणि नवा बोगदा दोन्ही पूर्ण आत येतील असा. नंतर कप्पे नव्याने पाडावे लागतील, म्हणून रविवारी.